कुंभार्ली घाटातील टकटक: सीव्ही जॉइंटचे निदान आणि दुरुस्ती

चिपळूणहून कराडला परत येताना पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाट सुरू झाला आणि उजवीकडच्या पहिल्याच अवघड वळणावर माझ्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाकडून टक, टक, टक असा आवाज येऊ लागला. वळण संपून रस्ता सरळ झाला की आवाज थांबत असे, पुढचे वळण डावीकडचे असेल तर तो जवळजवळ ऐकूच येत नसे आणि पुन्हा उजवे वळण आले की पहिल्यासारखा सुरू होत असे. आदल्याच दिवशी हाच घाट उतरताना मला काहीही ऐकू आले नव्हते. त्या वेळी मला याचा अर्थ कळला नाही. मात्र चढताना आवाज येतो आणि उतरताना येत नाही, एवढ्या एका निरीक्षणातच निम्मे निदान दडलेले होते, हे मला पुढे तीन आठवड्यांनी आणि एक चुकीची दुरुस्ती पदरी पडल्यानंतर उमगले.

ती चुकीची दुरुस्ती आधी सांगते. कराडमधील एका गॅरेजमध्ये मी गाडी नेली आणि "पुढच्या चाकातून आवाज येतो" असे सांगितले. तेथे गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवून पाहण्यात आले, बेअरिंग खराब झाल्याचे सांगण्यात आले आणि दोन्ही पुढच्या चाकांची बेअरिंगे बदलण्यात आली. खर्च २,८०० रुपये आला आणि आवाज होता तसाच राहिला. यात माझीही चूक होती. मी आवाज कोठून येतो हे सांगितले, पण तो केव्हा येतो हे सांगितले नाही. चाकाजवळ आवाज करणाऱ्या वस्तू पुष्कळ असतात आणि कानाला त्या सगळ्या एकाच जागी वाटतात. त्यांना एकमेकींपासून वेगळे ओळखायचे असेल, तर आवाजाच्या जागेपेक्षा त्याची वेळ अधिक उपयोगी पडते.

बेअरिंग खराब झाले की टकटक होत नाही. घोंघावल्यासारखा सलग आवाज येतो, वेगाबरोबर तो वाढत जातो आणि सरळ रस्त्यावरही बंद होत नाही. ते तपासण्याची बाबांची पद्धत साधी आहे: चाक उचलून एका हाताने फिरवायचे आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. बेअरिंगमध्ये खरखर असेल, तर ती स्प्रिंगमधून तळहाताला जाणवते. सस्पेन्शनच्या खालच्या दांड्याचा, म्हणजे लोअर आर्मचा, बॉल जॉइंट किंवा लिंक रॉड ढिली झाली असेल, तर खड्ड्यात किंवा गतिरोधकावर ठोका बसतो, पण त्याची लय चाकाच्या फेऱ्यांशी जुळत नाही. सस्पेन्शनच्या वरच्या माउंटिंगमधील बेअरिंग गेले असेल, तर गाडी जागेवर उभी असतानाही स्टेअरिंग फिरवले की कुरकुर ऐकू येते. माझ्या गाडीचा आवाज मात्र चाक वळलेले असताना, गाडी चालू असताना आणि इंजिनाचा जोर चाकावर असताना, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावरच येत होता. अशा वेळी पहिला संशय एक्सलच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाला जोर देणाऱ्या शाफ्टच्या, बाहेरच्या जॉइंटवर, मेकॅनिक मंडळी ज्याला सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे समान वेगाचा) जॉइंट म्हणतात त्यावर घ्यायला हवा.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हा जॉइंट मुळात असतो कशासाठी, याबद्दल थोडे सविस्तर लिहिण्याचा मोह आवरत नाही. बाबांची सारी नोकरी एसटीच्या आगारात गेली. बसमध्ये इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना असतो, मधल्या लांब शाफ्टच्या दोन्ही टोकांना अधिकाच्या चिन्हासारखा दिसणारा जो सांधा असतो त्याला गॅरेजमध्ये नुसते "क्रॉस" म्हणतात. अॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांतही हीच रचना होती. या क्रॉसमध्ये एक अंगभूत उणीव आहे. दोन शाफ्टमध्ये कोन असेल, तर एक शाफ्ट अगदी समान वेगाने फिरत असूनही दुसरा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे पडतो. कोन ३० अंशांचा असेल, तर दुसऱ्या शाफ्टचा वेग पहिल्याच्या ८६.६ टक्क्यांपासून ११५.५ टक्क्यांपर्यंत खालीवर होतो. बसच्या लांब शाफ्टमध्ये कोन लहान असतो आणि दोन टोकांचे दोन क्रॉस योग्य रीतीने बसवले की एकाची चूक दुसरा भरून काढतो. पण ज्या चाकाला इंजिनाचा जोर द्यायचा तेच चाक वळवायचेही असेल, तर वळणावर कोन ४० अंशांच्या आसपास जातो, आणि क्रॉस वापरला तर प्रत्येक वळणावर स्टेअरिंग हातात थरथरू लागेल.

या अडचणीवर आज सर्वाधिक वापरले जाणारे उत्तर आल्फ्रेड र्झेपा या अभियंत्याने १९२०च्या दशकात शोधले. एका वाटीसारख्या पोलादी कवचात आतून सहा वक्र खोबणी असतात, तिच्यात बसणाऱ्या गोल गाभ्यावर बाहेरून तशाच सहा खोबणी असतात, आणि समोरासमोर येणाऱ्या खोबणींच्या जोडीत एकेक छर्रा अडकलेला असतो. सहाही छर्रे एका जाळीत बसवलेले असतात. शाफ्ट कितीही वाकले तरी ही रचना त्या छर्ऱ्यांना दोन शाफ्टमधील कोन बरोबर अर्धा करणाऱ्या प्रतलात आणून ठेवते. त्यामुळे दोन्ही बाजूंकडून पाहिले तरी भूमिती सारखीच दिसते आणि म्हणून दोन्ही शाफ्टचा वेगही प्रत्येक क्षणी समान राहतो. १९५९ साली अॅलेक इसिगोनिस यांनी घडवलेल्या मिनी गाडीत हा जॉइंट आला आणि लहान गाडीला पुढच्या चाकांवर जोर देण्याची रचना सामान्य झाली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मुळे ही रचना घराघरांत पोहोचली. एक्सलच्या आतल्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला बहुतेक लहान गाड्यांत वेगळा जॉइंट असतो. त्यात तीन रोलर असतात, त्याला कोन कमी सोसावा लागतो, पण चाक खालीवर होताना शाफ्टची लांबी कमीजास्त करून घेण्याचे काम तो करतो. तो झिजला की टकटक होत नाही, गाडीला वेग देताना मात्र पुढचा भाग थरथरतो आणि वेग स्थिर झाला की थरथर कमी होते.

आता झीज कशी होते ते पाहू. हा जॉइंट उत्तम पोलादाचा असतो आणि त्याच्या ग्रीसमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले असते, त्यामुळे ते ग्रीस काळेशार दिसते. ग्रीस आत आणि धूळपाणी बाहेर राहिले, तर असा जॉइंट गाडीच्या आयुष्यभर टिकू शकतो. हे दोन्ही साधण्याचे काम मात्र एका घड्याघड्यांच्या रबरी बुटावर सोपवलेले असते. रबर वयोमानाने कडक होते, घडीच्या तळाशी तडा जातो, आणि चाक फिरत असताना आतले ग्रीस त्या फटीतून बाहेर भिरकावले जाते. त्याच फटीतून पाणी आणि माती आत जाते. कोकणातल्या पावसात रस्त्यावर वाहणारे जांभ्याचे लाल पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या पाण्यातील बारीक कणांची कल्पना असेल. ते उरलेल्या ग्रीसमध्ये मिसळले की छर्ऱ्यांभोवती घासकामाची पूडच तयार होते. बूट फाटल्यापासून आवाज सुरू होईपर्यंत काही आठवडे किंवा काही महिने जातात, आणि त्या काळात गाडी चालवणाऱ्याला काहीही जाणवत नाही. मला याचीच सर्वाधिक हळहळ वाटते, कारण एवढ्या सुबक आणि बळकट वस्तूचा शेवट एका लहानशा रबराकडे कोणी पाहिले नाही म्हणून होतो.

बेअरिंग बदलूनही आवाज गेला नाही, तेव्हा मी बाबांना फोन केला. त्यांनी तीन प्रश्न विचारले: "कट मारल्यावर येतो का? रेस दिल्यावर वाढतो का? चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे आहेत का?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला घाटात मिळालेलीच होती. तिसऱ्यासाठी मी टॉर्च घेऊन खाली वाकले, तेव्हा डाव्या चाकाच्या आतल्या कडेवर, सस्पेन्शनच्या खालच्या भागावर आणि ब्रेकच्या होजवर काळ्या ग्रीसचा वर्तुळाकार फवारा उडून वाळलेला दिसला. बेअरिंगे बदलताना ही जागा कोणाच्या तरी डोळ्यांसमोर नक्कीच आली असणार.

तरीही खात्री करून घ्यावी म्हणून रविवारी सकाळी मी एका मोकळ्या मैदानात गाडी नेली. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचे, पहिल्या गिअरमध्ये सावकाश गोल फिरायचे, मध्येच थोडा जोर द्यायचा, मग दुसऱ्या बाजूला तसेच करायचे आणि शेवटी दोन्ही बाजूंनी रिव्हर्समध्येही पाहायचे, अशी ही चाचणी आहे. खिडक्या उघड्या असाव्यात आणि शक्य असेल तर एकाने गाडीबाहेर चालत ऐकावे, कारण आवाज पत्र्यातून प्रवास करतो आणि आत बसलेल्याला बाजू ओळखताना चकवतो. उजवीकडे पूर्ण कट मारून जोर दिला की डाव्या चाकातून ठणठणीत टकटक येत होती. माझ्या गाडीचे टायर १५५/८० आर १३ मापाचे आहेत. त्यांचा परीघ सुमारे १.८ मीटर भरतो, म्हणजे ताशी १० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साधारण दीड फेरी घेते. मी ठोके मोजले, ते याच लयीशी जुळत होते आणि वेग वाढवला की त्याच प्रमाणात वाढत होते. एखादा छर्रा झिजलेल्या खोबणीतील खड्ड्यावरून गेला की ठोका पडतो, म्हणून आवाज चाकाच्या फेरीला बांधलेला असतो.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. अनेकजण शाफ्ट हाताने पिळून त्यात खेळ आहे का ते पाहतात आणि खेळ जाणवला नाही तर जॉइंट चांगला आहे असे ठरवतात. आतल्या जॉइंटमध्ये थोडा खेळ नेहमीच असतो. बाहेरच्या जॉइंटमध्ये तो जवळजवळ नसावा, पण झीज खोबणीच्या एखाद्याच टापूत असेल, तर चाक सरळ असताना काहीच जाणवत नाही. माझ्या गाडीत नेमके असेच होते. मैदानातील चाचणीवर मी हातापेक्षा अधिक विश्वास ठेवते.

त्यानंतर मी गाडी घाटात नेली नाही. टकटक सुरू झालेला जॉइंट कधीकधी बरेच दिवस चालतो, पण तो तुटला तर चाकाला जोर मिळणे बंद होते, आणि चढावर मागून ट्रक येत असताना तसे होऊ नये एवढीच माझी इच्छा होती. दिवाळीच्या सुट्टीत बाबाच आपल्या अवजारांची पिशवी घेऊन एसटीने कराडला आले.

सुटे भाग आणताना तीन पर्याय समोर होते. जुन्या बाजारातील वापरलेला एक्सल सर्वांत स्वस्त होता, पण त्याच्या बुटाखाली काय दडले आहे हे कोण सांगणार? दुसरा पर्याय संपूर्ण नवा एक्सल घेण्याचा होता. तिसरा पर्याय फक्त बाहेरच्या जॉइंटचे किट घेण्याचा होता, आणि आतला जॉइंट निरोगी असल्याने आम्ही तोच स्वीकारला. किटमध्ये जॉइंट, बूट, दोन क्लिपा, सर्कलिप (जॉइंट शाफ्टवर अडकवून ठेवणारी तारेची कडी), नवा नट आणि ग्रीसची पुडी होती. किंमत १,६५० रुपये पडली. बाबांनी खरेदीच्या आधीच शाफ्ट काढून जुना जॉइंट दुकानात नेण्याचा आग्रह धरला आणि तो योग्य ठरला, कारण दुकानदाराने प्रथम काढलेल्या जॉइंटच्या आत २३ दाते होते आणि आमच्या शाफ्टवर २२. नुसते गाडीचे नाव आणि वर्ष सांगून आणलेला भाग एका दात्याने फसवू शकतो. ज्या गाड्यांत एबीएससाठी, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, जॉइंटवर दात्यांची कडी असते, तेथे त्या कडीचे दातेही मोजावेत.

काम करताना सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे हब नट, आणि तो गाडी जमिनीवर उभी असतानाच सैल करावा. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी बारीक छिन्नीने उचलावी लागते. मी ब्रेक दाबून बसले आणि बाबांनी पान्ह्यावर मीटरभर लांबीचा पाइप चढवून नट सोडवला. त्यानंतर गाडी जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायला बाबा मला आजही परवानगी देत नाहीत. गिअरबॉक्समधील सुमारे दोन लिटर तेल स्वच्छ भांड्यात काढून घेतले, कारण शाफ्ट ओढला की ते वाहू लागते. मग लोअर आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून, म्हणजे चाकाचा हब धरून स्टेअरिंगबरोबर वळणाऱ्या भागातून, सोडवला, आर्म पहारीने खाली दाबला आणि नकल बाहेरच्या बाजूला वळवून शाफ्टचे टोक हबमधून बाहेर काढले. ते अडले तर त्यावर थेट हातोडी मारू नये. जुना नट टोकावर उलटा चढवून, लाकडाचा ठोकळा मध्ये धरून ठोकावे, नाहीतर आटे बसतात. आतले टोक गिअरबॉक्समधून पहारीच्या एका झटक्यात सुटते, मात्र त्या वेळी शाफ्ट लोंबकळू न देता हातात धरावा, अन्यथा ऑइल सीलची कड फाटते.

शाफ्ट व्हाइसमध्ये धरून जुन्या क्लिपा कापल्या आणि बूट मागे सरकवला. आत काळे ग्रीस जवळजवळ नव्हतेच. होती ती तपकिरी, पाणीदार, बोटांत चोळल्यावर वाळूसारखी करकरणारी लापशी. पितळी पंचाने गाभ्यावर ठोके दिल्यावर सर्कलिप दबली आणि जॉइंट शाफ्टवरून उतरला. रॉकेलमध्ये धुतल्यावर मी तो उन्हात धरला. सहांपैकी दोन खोबणींत, अगदी त्या भागात जेथे वळणावर छर्रा दाबला जातो, नखाला सहज लागतील असे खड्डे पडले होते, आणि जाळीच्या खिडक्यांच्या कडा छर्ऱ्यांनी ठोकून पसरट केल्या होत्या. घाटातला तो आवाज माझ्या हातात होता. बूट नुकताच फाटलेला असेल आणि आवाज सुरू झालेला नसेल, तर जॉइंट असाच धुऊन, नवे ग्रीस भरून, नवा बूट चढवून वापरता येतो. एकदा टकटक सुरू झाली की कितीही ग्रीस भरले तरी ते खड्डे भरून येत नाहीत.

बाबांनी एक जुनी युक्तीही सांगितली. काही गाड्यांत डावा आणि उजवा बाहेरचा जॉइंट सारखाच असतो, त्यांची अदलाबदल केली की छर्रे खोबणीच्या दुसऱ्या, न झिजलेल्या बाजूवर दाबले जातात आणि आवाज काही काळ थांबतो. पैशांची अडचण असेल तर हा तात्पुरता उपाय समजण्यासारखा आहे, पण अशी गाडी विकताना तो लपवणे मला अजिबात मान्य नाही.

जोडणीत सगळ्यात जास्त काळजी बुटाचीच घ्यावी लागली. आधी लहान क्लिप आणि बूट शाफ्टवर चढवायचा, हे लक्षात न राहिल्याने अनेकांना जॉइंट पुन्हा काढावा लागतो. पुडीतले ग्रीस निम्मे छर्ऱ्यांमध्ये दाबून आणि निम्मे बुटात भरले. जॉइंट शाफ्टवर ठोकून बसवल्यावर तो ओढून पाहिला, म्हणजे सर्कलिप आपल्या खाचेत बसल्याची खात्री होते. लहान तोंडाची क्लिप आवळण्यापूर्वी बुटाच्या कडेखाली बोथट काडी सरकवून आत कोंडलेली हवा बाहेर जाऊ दिली, कारण हवा राहिली तर बूट फुगलेला किंवा चेपलेला राहतो आणि घडीवर घडी घासून लवकर फाटतो. क्लिपा योग्य पकडीनेच आवळल्या. बांधणीच्या तारेने बूट आवळलेला मी पाहिला आहे. तार रबरात रुतते आणि आपणच नवी फट तयार करतो.

शाफ्ट परत चढवताना गिअरबॉक्सचे ऑइल सील नवे टाकले, तेल पुन्हा भरून पातळी पाहिली, आणि हब नट गाडी जमिनीवर आल्यानंतर पुस्तिकेत दिलेल्या १७५ न्यूटन मीटरला टॉर्क पान्ह्याने आवळून त्याची कड खाचेत ठोकली. हा आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. नट कमी आवळला तर चाकाचे बेअरिंग सैल राहून लवकर खराब होते, म्हणून येथे अंदाजावर काम करू नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पाटण आणि कोयनानगर मार्गे घाट उतरून पोफळीपर्यंत गेलो आणि वळून वर चढलो. उजवीकडच्या प्रत्येक वळणावर बाबा खिडकीबाहेर डोके किंचित काढून ऐकत होते. तेच पहिले वळण आले, मी दुसऱ्या गिअरमध्ये जोर दिला, आणि इंजिनाखेरीज काहीही ऐकू आले नाही. "आता उजव्या बाजूचा बूट बघू," एवढेच ते म्हणाले.

घरी आल्यावर स्टेअरिंग पूर्ण वळवून आम्ही तो पाहिला. चाक सरळ असताना घड्या मिटलेल्या असतात आणि तडे दिसत नाहीत, पूर्ण कट मारल्यावर एका बाजूच्या घड्या ताणून उघडतात. दुसऱ्या घडीच्या तळाशी केसाएवढी चीर होती, ग्रीस अजून बाहेर आलेले नव्हते. नवा बूट, दोन क्लिपा, सर्कलिप, हब नट आणि ग्रीसची पुडी मी आणून ठेवली आहे, आणि पुढच्या रविवारी बाबा पुन्हा येणार आहेत.